सासऱ्यांचं फर्न

वाळत्या धानाचा वास आला की आठवतं, सासऱ्यांचं फर्नही मी असंच वाळत घातलं होतं. आजारी सासरे अड्याळहून आमच्याकडे आले, ते विहिरीकाठचं फर्न कुंडीत घेऊनच. अंधाऱ्या खोलीत त्याची पानं पिवळी पडली, म्हणून मी धानाचा व्यापारी, त्याच अकलेनं कुंडी गच्चीवर धानाशेजारी ठेवली. संध्याकाळपर्यंत पानांचा चिवडा झाला. "जवाईबापू, थे का धान हाये? ओसरीत ठेवा, सकाळचंच ऊन लागू द्या," सासरे खाटेवरून म्हणाले. मग रोज विचारायचे, "नवं पान निघालं का जी?" ते निघालं त्या सकाळी मी कुंडी उचलून धावतच खोलीत गेलो, तर बायको त्यांचे डोळे मिटत होती. कुंडी तशीच हातात धरून मी विचारलं, "ही कुठं ठेवू?" "ठेवा आता कुठीबी," ती म्हणाली.