सत्यनारायणाच्या कव्हरातल्या तीन मुली

दुबईत करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये क्रिकेटपासून सुरक्षित अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे सत्यनारायणाची कॅसेट. शारजात मॅच लागली की बाबा हाताला येईल ती कॅसेट व्हीसीआरमध्ये कोंबून टेप करायला लागायचे. माझा पाचवा वाढदिवस असा गेला. मावशीच्या लग्नात तर अंतरपाट धरला जातो आणि पुढच्याच क्षणी ड्रिंक्स ब्रेक होतो. आई त्यावरून वर्षभर बोलत होती.

सत्यनारायणाला मात्र बाबा घाबरायचे. तिथे भटजी सहजी मिळत नसत, म्हणून मामाने गावच्या गुरुजींना कॅमेऱ्यासमोर बसवून अख्खी पूजा चित्रित करून पाठवली होती. गुरुजी "घरच्या सगळ्यांची नावं घ्या" म्हणायचे आणि कॅमेऱ्याकडे बघत थांबायचे. आमच्या घरात माणसं तीनच, त्यामुळे मामाने त्यांना तेवढाच वेळ थांबायला सांगितलं होतं. मग "आता पाणी सोडा." आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांतल्या पूजा त्या कॅसेटवर झाल्या. आईने तिच्या कव्हरावर लाल शाईने स्वस्तिक काढलं होतं.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि माझा देव वेगळा होता. टीव्हीवर रोज संध्याकाळी एक जपानी कार्टून मालिका लागायची, अरबीत डब केलेली. शाळेत जाणाऱ्या तीन मुली गाणी म्हणतात आणि बघता बघता देशभर प्रसिद्ध होतात, अशी गोष्ट. त्या शाळेच्या पुस्तकातलं शुद्ध अरबी बोलायच्या, जे खालच्या किराणावाल्याला बोलून दाखवलं तर तो हसायचा. पण माझे अरबीचे मार्क त्यांच्यामुळेच वाढले, हे आई आजही मान्य करत नाही. शेवटच्या भागात तिघींपैकी सर्वांत धाकटी एकटीच विमानात बसून दूर देशी गाणं शिकायला गेली, आणि मालिका संपली. मी दोन दिवस नीट जेवले नाही. आई म्हणाली, कागदावर काढलेल्या पोरी त्या, त्यांच्यासाठी काय उपास करतेस?

पुढे कळलं की त्या गोष्टीचा उरलेला भाग जपानात सिनेमा म्हणून निघाला आहे. बाबांच्या ऑफिसातल्या जपानी साहेबांच्या मुलीकडे त्याची कॅसेट होती. महिनाभर मी बाबांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे एका गुरुवारी ती घरी आली. शनिवारी परत द्यायची होती. सिनेमा जपानीत, खाली भाषांतराचं एक अक्षर नाही, पण मला माझ्या मुली ओळखता येत होत्या, तेवढं पुरे होतं. धाकटी परक्या शहरात एका छोट्या खोलीत बॅग उघडते, इथपर्यंत मी पोचले आणि पाहुणे आले. टीव्ही बंद.

ती धाकटी परत येते की नाही, यापलीकडे मला जगात काहीही जाणून घ्यायचं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, शारजात मॅच होती. मी मोठ्या हुशारीने सिनेमाची कॅसेट स्वस्तिकवाल्या कव्हरात घातली, सत्यनारायण काढून माझ्या अरबीच्या पुस्तकाखाली ठेवला आणि निवांत झोपले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी दुसऱ्या दिवशी पाहिला.

सकाळी दहाला उठून बघते तर कपाटात कव्हर नाही. आई म्हणाली, शारजाच्या औद्योगिक भागातल्या गॅरेजमधला तो रत्नागिरीचा फिटर आला होता, त्याला गावी पहिली मुलगी झाली म्हणून खोलीवर आज पूजा आहे, कॅसेट नेली. मी गुन्हा कबूल केला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "देवाच्या कव्हरात सिनेमा? उपाशी बसले असतील गं ते सगळे."

गॅरेज शुक्रवारी बंद, फोन उचलणार कोण? बाबांनी मॅचकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली. वाटभर मी खिडकीबाहेर बघत राहिले, मांडीवर खरा सत्यनारायण घेऊन.

खोलीत आठ माणसं अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून ओळीने बसली होती. चौरंग मांडलेला, शिऱ्याचा वास सुटलेला. फिटर पाटावर, हातात पाण्याची पळी, ती तशीच धरून तो टीव्हीकडे बघत होता. सगळेच बघत होते. आधी त्यांना वाटलं जाहिरात आहे, गुरुजी मागून येतील. मग ते वाटणं मागे पडलं.

बाबा माफी मागत व्हीसीआरकडे वाकले, तर त्यांच्यातले वयस्कर काका म्हणाले, "साहेब, पाच मिनिट थांबा. ती पोरगी स्टेशनावर चुकलीय."

मी अभावितपणे म्हणाले, "शी इज नॉट लॉस्ट, काका. ती ऑडिशनला चाललीय."

झालं. मला पुढे बसवण्यात आलं. जपानी सिनेमा, मी अरबीत ऐकलेली गोष्ट, आणि सांगायची मराठीत. जिथे मला कळत नव्हतं तिथे मी सरळ ठोकून दिलं. पुढच्या पाऊण तासात त्या आठ जणांना तिघींची भांडणं, आवडीनिवडी, सगळं पाठ झालं. शिरा गार झाला. बाबा दाराजवळ उभे होते ते केव्हा खाली बसले ते कळलं नाही.

शेवटी दोघी मोठ्या स्टेजवर उभ्या, तिसरीची जागा रिकामी. आता ती पळत येणार, याची मला खात्री होती. ती आली नाही. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर तिचा चेहरा दिसला, ती तिकडे दूर त्या शहरात उभी राहून गात होती, या दोघी इथे. गाणं संपलं, सिनेमा संपला.

मला भयंकर राग आला. एवढा जिवाचा आटापिटा केला तो यासाठी? मी सगळ्यांसमोर रडले. बाबा ओशाळून काहीतरी पुटपुटले. मग फिटरने पाटावरून विचारलं, "तिला तिकडून या दोघी दिसत होत्या का गं?"

मला काय माहीत? पण त्याच्याकडे बघून मी म्हणाले, "हो. दिसत होत्या."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि पळी नीट धरून बसला.

बाबांनी कॅसेट बदलली. गुरुजी आले. "घरच्या सगळ्यांची नावं घ्या," म्हणाले आणि आमच्याकडे बघत थांबले. फिटरने सुरुवात केली. आई, वडील, दोन भाऊ, वहिन्या, पुतणे, बायको. आमच्या तीन नावांपुरता ठेवलेला वेळ केव्हाच सरला, आणि मुलीचं नाव यायच्या आत गुरुजी म्हणाले, "आता पाणी सोडा." तो गोंधळून थांबला. न पाहिलेल्या मुलीचं नाव त्याच्या तोंडातच राहिलं.

तेव्हा माझे बाबा, ज्यांनी क्रिकेटपुढे मावशीचं लग्नही जुमानलं नव्हतं, उठले. त्यांनी कॅसेट मागे घेतली. गुरुजी पुन्हा "घरच्या सगळ्यांची नावं घ्या" म्हणाले, तसं त्यांनी पॉज दाबला आणि बटणावरचं बोट न काढता म्हणाले, "घ्या सावकाश. कितीही वेळ लागू दे."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळी नावं घेतली. शेवटी मुलीचं घेतलं, आणि पाणी सोडलं.