सिन्स की बिकॉज

साहेबांनी माझा रजेचा अर्ज मोठ्याने वाचला. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा.

"सिन्स माय मदर इज सीरियस..." थांबले. हसले. "सिन्स? कधीपासून?"

सगळे हसले. मीपण हसले. ते हसू मला अजून सलतं.

जळगावला पाइपच्या कारखान्यात मी कंत्राटी कारकून. गाव एरंडोलजवळ. शाळा जिल्हा परिषदेची. गुरुजींनी कारण सांगायला एकच शब्द शिकवला होता, बिकॉज. सिन्स मी मोबाइलवर शिकले. इंग्रजी चांगलं दिसावं म्हणून मुद्दाम घातला.

आई धुळ्याच्या दवाखान्यात होती. सकाळीच धाकट्या भावाचा फोन आला होता. "अक्का, लवकर ये. आई तुनंच नाव ली ऱ्हायनी." आई सारखं माझंच नाव घेत होती.

साहेबांची सही नाही तर गेटपास नाही. गेटपास नाही तर वॉचमन बाहेर सोडत नाही.

साहेब समजावू लागले. "समोरच्याला कारण आधीच माहीत असेल तर सिन्स. किंवा ॲज. नवीन सांगायचं असेल तर बिकॉज. तुमची आई आजारी आहे हे आम्हाला माहीत होतं का?"

"नाही सर."

"मग?"

दुसरा अर्ज लिहिला. बिकॉजने सुरू केला. त्यांनी लाल पेनाने गोल केला. "बिकॉजने वाक्य सुरू करतात? कुठल्या शाळेत होतात तुम्ही?"

परत हसणं. चहा आला. त्यांनी सावकाश घेतला. मी उभी. साहेब रागावले नव्हते. त्यांना मजा येत होती.

तिसऱ्या अर्जात बिकॉज वाक्याच्या मधे घातला, तेव्हा सही झाली. सव्वा तास गेला होता.

धुळ्याला पोचले तेव्हा आईच्या तोंडात नुकतीच नळी घातली होती. भाऊ म्हणाला, "आत्तेच तुनं नाव लिधं तिनी." मी तिचा हात धरला. तिने धरला नाही. दुसऱ्या दिवशी गेली.

सव्वा तास आधी आले असते तर बोलली असती का? कुणाला विचारू?

तेरावं करून कामावर आले. रजेचे दिवस जास्त झाले होते. साहेबांनी कोरा कागद सरकवला. "खुलासा लिहा. आता बिकॉज कुठे येतो ते समजलंय ना?"

खरं सांगते, मी पेन उचललं. ॲज लिहिलं. खोडलं. मग खाली मराठीत लिहिलं, 'माझी आई वारली म्हणून मी आले नाही.'

"हे चालणार नाही."

"मी हेच लिहिणार, सर."

या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या बाजूने कुणी बोललंही नाही. महिनाअखेरीस माझं कंत्राट बंद केलं. का, ते कुठल्याच भाषेत कळवलं नाही.

आता घरी आहे. काम शोधते. जिथे जाते तिथे आधी इंग्रजी विचारतात. ते मी शिकणार, पक्कं शिकणार. पण माझं माणूस मरायला टेकलं असेल तर मी अर्ज दुरुस्त करत बसणार नाही. आधी निघणार. नोकरी जाईल तर जाऊ दे.