कोनच्या नाक्यावरचा बॅनर

दहावीतली सायली पोट धरून पुन्हा घरी गेली, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. डॉक्टरांचे रिपोर्ट नॉर्मल होते. म्हणजे केस माझी. मी भिवंडीतल्या एका शाळेत काउन्सेलर आहे. काउन्सेलर म्हणजे मुलांचं ऐकून घेणारी बाई. शाळेच्या मते, टॉपरचे मार्क घसरायची भीती वाटली की हाक मारायची ती.

"एका सेशनमध्ये मोटिव्हेट करा," सर म्हणाले. "शाळेचा रिझल्ट तिच्यावर आहे." पोरीच्या पोटाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

हुशार मुलं काउन्सेलिंगलाही पेपर समजतात. सायलीने सगळी बरोबर उत्तरं दिली. झोप येते, भूक लागते, टेन्शन नाही. शेवटी मी विचारलं, डबा कोणासोबत खातेस? तिथे ती अडली.

मग कळलं. प्रिलिममध्ये ती पहिली आली आणि वडिलांनी त्यांच्या कोन गावच्या नाक्यावर तिचा बॅनर लावला. 'आमची शान'. खाली गॉगल लावलेले काका-मामा. वडील गोडाऊनवाले, त्यांच्याकडे बारशालाही बॅनर लागतो. बोर्डाचा पेपर व्हायचाय आणि सत्कार आधीच. बाजारात तुरी, दुसरं काय. तेव्हापासून वर्ग तिला 'शान' म्हणून चिडवू लागला. बालवाडीपासूनची मैत्रीण निकिता दुसऱ्या बाकावर गेली.

"मॅडम, पहिली नाही आले तर त्या फोटोखालून रोज जायचं कसं?" एवढं बोलून ती रडली. मला वाईट वाटलं आणि रागही आला.

वडिलांना बोलावलं.

"पोरीला कमी काय हाय मॅडम? एसी हाय, तीन ट्युशनी हायत."

"मैत्रीण न्हाय," मी म्हणाले. त्यांच्या भाषेत तरी पोचेल म्हणून. बॅनर उतरवा, हेही सांगितलं. त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली.

सोमवारी बॅनर उतरला होता. त्या जागी दुप्पट मोठा लागला होता. सायलीच्या शेजारी निकिता, 'जिवाभावाच्या मैत्रिणी'. कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून मी, नावाआधी परस्पर 'डॉ.' लावलेली.

मी तणतणत शाळेत गेले. मधल्या सुट्टीत बघते तर दोघी एका डब्यात जेवत होत्या. निकिता हसून बेजार झाली होती. "मॅडम, फोटोत मला सोन्याचा हार घातलाय त्यांनी." वर्ग आता दोघींना चिडवत होता. सायलीचं पोट पुन्हा दुखलं नाही.

बोर्डाच्या परीक्षेत ती शाळेत तिसरी आली. सरांनी मला जाब विचारला. कोनचे रिक्षावाले अजून मला गुडघेदुखीवर औषध विचारतात. सायली मात्र निकितासोबत त्याच बॅनरखाली पेढे वाटत होती.

माझ्या कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं. हुशार पोरीचं हसं करायची हौसच असेल, तर निदान तिच्यासोबत हसायला कुणीतरी ठेवावं.