राजमातेचा मुकुट

आमच्या नाट्यमंडळात एका ग्रीक शोकनाट्याची तालीम चालली होती. ग्रीकांशी झालेल्या युद्धात इराणी सैन्य बुडालं आहे आणि दूत इराणच्या राजमातेला मेलेल्यांची नावं सांगतो आहे, असा प्रवेश. दिग्दर्शकाने ऐतिहासिक नाटकांच्या पेटीतून मोगली झगा आणि पत्र्याचा मुकुट काढला. आमच्याकडे सगळे परके त्याच पेटीतून येतात.

राजमाता झालेल्या सुमनताईंनी मुकुट उतरवून खुर्चीवर ठेवला.

"ताई, तो हवाच," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही शत्रूकडच्या दिसायला पाहिजे."

"दिसते की. पण हा घालून कपाळ बडवता येत नाही रे."

ग्रीक लोक परक्यांना रानटी म्हणत, त्यांची भाषा म्हणजे नुसती बडबड समजत. तरी जिंकल्यावर त्यांनी त्याच शत्रूच्या घरातला आकांत उघड्या नाट्यगृहात बसून ऐकला. तो दुःख म्हणून ऐकला की स्वतःच्या विजयाचं कौतुक म्हणून, याची मला कधीच खात्री वाटलेली नाही.

दूताने पहिलं नाव घेतलं. सुमनताईंनी कपाळावर हात मारला. आवाज कोरडा आला. दिग्दर्शकाने खुर्चीवरचा मुकुट उचलला, त्यांना द्यायला पुढे झाला, आणि नावं संपेपर्यंत तो हातात धरून तसाच उभा राहिला.