काय दिसलं?

आमच्या विज्ञानाच्या बाईंना रडकी पोरं आवडत नसत असं नव्हे, पण रडण्याचा नंबर त्या दुसरा लावायच्या. गुडघा फोडून घेतलेल्यालाही पहिला प्रश्न ठरलेला, "काय दिसलं ते आधी सांग. काय वाटलं ते नंतर." पोरगं पायरी, शेवाळ, चपलेचा तुटका अंगठा असं सांगत सुटायचं आणि तोवर रडणं विरून जायचं. शाळेत त्यांचं नाव पडलं दिसलंबाई. त्यांना ते ठाऊक होतं.

त्या लोणावळ्याहून एसटीनं यायच्या. आम्ही बेडशाची पोरं. डोंगरातली लेणी सदा डोक्यावर, म्हणून कुणी मान वर करून बघायचं नाही. बाई आम्हाला वर घेऊन गेल्या त्या खांबांवरचे हत्ती-घोडे दाखवायला नव्हे, चुका शोधायला! एकजण म्हणाला, "पांडवांनी एका रात्रीत कोरलंय." बाईंनी त्याचं बोट धरून छिन्नीच्या खुणांवर फिरवलं.

"काय दिसलं?"

"रेघा. हितं वाकडी झालीया. हात घसारला वाटतं."

"म्हणजे माणूसच होता," बाई खूश होऊन म्हणाल्या. "माणसाला जमलं ते तुम्हालाही जमेल." आपणही काहीतरी घडवावं, हे माझ्या डोक्यात शिरलं ते तिथं.

दहावीनंतर मला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जायचं होतं. माझे वडील, आबा, नाही म्हणाले. शिकण्याला आमच्या बौद्ध घरात कधीच ना नव्हती, पण मशीनला होती. आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली होती. "बँकेत जा, मास्तरीण हो," ते म्हणाले, "मशीनपाशी तुला उभी करनार न्हाई." मी जेवण सोडलं. आबा हलले नाहीत.

मग बाई घरी आल्या. मला वाटलं, आता भाषण देतील. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "भाऊ, त्या वेळी काय दिसलं होतं तुम्हाला?"

लय दुखलं का, भरपाई मिळाली का, असं सगळ्या गावानं विचारलं होतं. हे कुणीच नाही. आबांनी कप बाजूला ठेवला आणि उजवा हात पुढं धरला.

"म्होरं गार्ड असतो, बाई, जाळीचा. हात आत जाऊ नये म्हनून. कामाला उशीर हुतो म्हनून त्यो काडून ठिवला व्हता, भितीला टेकून. बोटं गेली तवा मला त्यो गार्डच दिसत व्हता."

बाई माझ्याकडं वळल्या. "ऐकलंस? गार्ड काढावासाच वाटणार नाही, असं मशीन कुणीतरी करायला हवं." एवढंच. दुसऱ्या दिवशी आबा माझ्याबरोबर कॉलेजात आले.

आता आम्ही वराळ्यात राहतो आणि मी जवळच्याच कंपनीत तशीच मशीनं घडवायचं काम करते. परवा बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मशीनपाशीच उभी होते. बरं म्हटलं, हातातली चाचणी पुरी केली. आबांना घेऊन लोणावळ्याला गेले. बाईंच्या हाताखालून गेलेली मोठमोठी माणसं ओक्साबोक्शी रडत होती. मी कोरडी ठणठणीत. काही म्हणजे काही वाटत नव्हतं आणि त्याचीच लाज वाटत होती.

परतताना गाडी चालवता चालवता म्हणाले, "आबा, मला रडूच येईना. दगड झाले का मी?"

आबांनी उरलेल्या बोटांनी सीटबेल्ट नीट केला. "वाटायचं ऱ्हाऊ दे नंतर. काय दिसलं ते सांग आधी."

मी सांगू लागले. दारात बाईंच्या चपला होत्या, डावीची टाच झिजलेली. खिडकीत चष्मा होता, घडी घातलेला. कपाळावर कुणीतरी कुंकू लावलं होतं, ते वाकडं झालं होतं. लावणाऱ्याचा हात घसरला असावा.

उर्से टोलनाक्याच्या रांगेत मागचा हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं.