शनिवारचे दोन कॅन

शुक्रवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात बेनीच्या शेजारणीचा फोन आला. "काका, सर दार उघडत नाहीयेत... तुम्ही या." दार तोडावं लागलं नाही, एक किल्ली माझ्याकडे असायचीच. बेनी झोपेतच गेला होता. समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघावी, तसा शांत चेहरा. आता पाच-सहा आठवडे झाले, तरी मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतोच आहे.

आमची मैत्री पनवेलच्या शाळेतली. तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. त्याच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, ते बंद असत. म्हणून गावं त्यांना 'शनवार तेली' म्हणायची. बेनीला या नावाचा कोण अभिमान! पुढे तो कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागला आणि मी सिमेंट विकू लागलो. त्याचे नातेवाईक एकेक करत इस्रायलला गेले, मुलगी रूथही गेली. बेनी आणि रिबेकावहिनी मात्र इथेच राहिले. मग वहिनी गेल्या. गावाबाहेरच्या त्यांच्या कबरस्तानात, ओढ्याच्या अंगाला त्यांना जागा मिळाली, आणि दर पावसाळ्यात ओढा तोच काठ खाऊ लागला. रूथ रोज फोनवर बोलवायची, पण बेनी हलेना. मला एकदाच म्हणाला, "शेठ, रिबेकाला मी शब्द दिलाय, एकटीला टाकून कुठे जाणार नाही. आता तीच वाहून निघाली तर मी काय करू?"

मी लगेच म्हणालो, "भिंत घालू. सिमेंट माझं." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "भिंतीला पाया लागतो. खणशील कुठे? तिथे माझे आजोबा झोपलेत." आणि त्यांच्यात कबर हलवत नाहीत. मग काही दिवसांनी बेनी दुकानात आला आणि प्लास्टिकची बाटली कापून त्यातला रेतीचा एक ठोकळा त्याने काउंटरवर ठेवला. मी बोटाने टोकरून पाहिला, कण सुटेना. "यात सिमेंट किती?" "शून्य. मातीतलेच जिवाणू आहेत. युरिया आणि कॅल्शियमचं पाणी पाजलं की रेतीच्या कणाकणांत चुना धरतो. खणायचं नाही, फोडायचं नाही, नुसतं मुरवायचं." मी म्हणालो, "अरे, साठ वर्षांच्या मैत्रीची ही परतफेड? माझ्याच पोटावर पाय?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली. लवकर व्हावं म्हणून त्याने पाणी कडक केलं. वरच्यावर पापुद्रा धरला आणि खाली रेती सुटीच राहिली. जुलैत ओढ्याने तो पापुद्रा पापडासारखा मोडून नेला. वहिनींच्या कबरीपासून काठ आणखी जवळ आला. त्या दिवशी बेनी चिखलात बसून राहिला, माझी छत्री त्याने बाजूला सारली.

दुसऱ्या वर्षी त्याने पातळ पाणी करून रोज थोडं थोडं मुरवायचं ठरवलं. रोज म्हणजे रोज, खाडा नको. आणि आला ना शनिवार! बेनी शनिवारी दिवा लावायचा नाही, तर कॅन कुठून उचलणार? मी चिडवलं, "तुझे जिवाणू पण यहुदी का रे? त्यांनाही सुट्टी?" शनिवारी दुसऱ्याला काम सांगणंही त्याला चालत नसे. पण शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या पडवीत दोन भरलेले कॅन दिसले. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. शनिवारी सकाळी मी स्कूटरला कॅन बांधून निघालो. पुढे तसंच चालू राहिलं. त्या पाण्याने माती धरताना अमोनिया सुटतो, मी घरी आलो की बायको नाक दाबून विचारायची, "कुठल्या मुतारीत बसला होतात?"

यंदाचा पाऊस सगळ्यांनीच पाहिला. ओढा काठाला धडका देत होता आणि आम्ही दोघे म्हातारे छत्र्या धरून उभे. काठ हलला नाही. बेनीने चपलेने जमीन दोनदा थोपटली आणि म्हणाला, "चल, चहा पिऊ." बस, एवढाच त्याचा आनंदोत्सव.

बेनी गेला त्या शुक्रवारी सूर्य बुडताच शब्बाथ लागणार होता, त्याच्या आत दफन व्हायला हवं होतं. वहिनींच्या शेजारची जागा त्याने आधीच सांगून ठेवली होती. खणायला जवळच्या नेरे गावचा काळूराम आला. पहिलाच घाव घातला आणि कुदळ उसळली. "शेट, ही माती नाय, कातळ हाय!" दुपार कलली तरी हातभरही खड्डा होईना. तिकडून रूथ व्हिडिओ कॉलवर, "काका, काय अडलंय?" मी पहार घेऊन उतरलो, या वयात. पहार दणकन आपटली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वहिनींच्या कबरीभोवतीची सगळी जमीन आम्ही पक्की केली होती आणि बेनी स्वतःची जागा सोडायला विसरला होता! काळूराम घाम पुसत म्हणाला, "कोनी केली आसल अशी?" मी म्हटलं, "ज्याच्यासाठी खणतोयस ना, त्यानेच." त्याने कठीण जमिनीवर कुदळीचा दांडा ठोकून पाहिला. "मंग नीट केलीय," म्हणाला आणि पुन्हा कुदळ उचलली. मी हसायला लागलो आणि हसता हसताच मला रडू कोसळलं. वरचा थर फुटल्यावर खाली मऊ माती लागली. सूर्य बुडायच्या आत बेनी वहिनींशेजारी पोचला.

पुढच्या आठवड्यात रूथ फोनवर म्हणाली, "काका, पप्पांच्या फ्रिजमधल्या त्या जिवाणूंच्या बाटल्या टाकून द्या." मी त्या घरी आणल्या. विरजणासारखं थोडं राखून पुढचं लावायचं, एवढं त्याने मला शिकवलं होतं. आता आमच्या दह्याशेजारी बेनीचे जिवाणू असतात आणि बायको, आश्चर्य म्हणजे, काही बोलत नाही. बेनीच्या कबरीवरची माती खणल्यामुळे भुसभुशीत झाली आहे. पुढच्या पावसाआधी ती धरायला हवी. म्हणून मी रोज थोडं पाणी मुरवून येतो, पण शनिवारचे दोन कॅन मात्र शुक्रवारी संध्याकाळीच माझ्या पडवीत भरून ठेवतो आणि शनिवारी सकाळी स्कूटरला बांधतो. मला हे कोणी सांगितलेलं नाही. पण सांगायचा तो कधीच नाही.