भीतीसकट हवाली

शेजारच्या हमीदाभाभी धाकट्या नणंदेला आपली एक किडनी देणार होत्या. ऑपरेशनच्या सकाळी त्या हातातल्या हिरव्या बांगड्या सावकाश काढून माझ्याकडे देत होत्या.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते की! पण भीतीसकट स्वतःला अल्लाच्या हवाली केलंय. आता काळजी त्याची. कुर्बानी आवडत्या गोष्टीचीच द्यायची असते, आणि मला तर मी फार आवडते!"

शरण जाणं म्हणजे हार मानणं, असंच मी आजवर समजत आले होते. ही बाई मात्र डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखी हसत, ताठ मानेनं आत गेली.

पंधरा दिवसांनी भेटायला गेले, तर नणंद-भावजय बिर्याणीत बटाटा हवा की नको, यावर कडाकडा भांडत होत्या.